सड्यावरच्या आच्छादनाचे आकडे जुळत नाहीत? आधी हे तपासा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दोन विद्यार्थिनींनी पाठोपाठ एकच क्वाड्रॅट वाचला. मीटरभर लांब, मीटरभर रुंद पीव्हीसीची चौकट. आत गवत, गेंदाची पांढरी बोंडे, मध्येच जांभ्याचा उघडा तुकडा. पहिलीने गवताचे आच्छादन, म्हणजे गवताने झाकलेली जमीन, ६५ टक्के लिहिले, दुसरीने ४०. दुसरीचा चेहराच पडला. "मॅडम, माझं चुकलं ना?"

मी दोघींना गवताच्या एका ठोंबापाशी बसवले आणि म्हटले, याची कड बोटाने दाखवा. पहिलीचे बोट बाहेरच्या पानांच्या टोकांवरून गोल फिरले. दुसरीचे बोट एकेका पानाच्या कडेने चालले. पानांमधून खाली दिसणारी माती तिने वगळली. चूक कोणाचीच नव्हती. दोघी दोन वेगळ्या गोष्टी मोजत होत्या आणि वहीत दोन्हींना नाव एकच होते: आच्छादन.

हा घोळ दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. विद्यार्थी येतात, हौशी निसर्गप्रेमी येतात, आणि पहिला प्रश्न असतो: कुठली पद्धत चांगली? नजरेचा अंदाज, टेप, की सुया? पद्धतीचा विचार नंतर करू. आधी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा, की आम्ही काय मोजतोय. झाडाचा घेर, पानांची प्रत्यक्ष सावली, की जमिनीलगतचा बुंधा? कुसळीसारख्या गवतात तिन्ही आकडे तीन टोकांना असतात. बुंधा मोजलात तर जुलै आणि सप्टेंबरमध्ये फारसा फरक दिसत नाही; घेर मोजलात तर तेच ठोंब अनेक पटींनी पसरलेले दिसते.

पद्धतींमधले कित्येक वाद इथेच मिटतात. अमेरिकेतल्या डॉबेनमायर यांनी १९५९ मध्ये २० बाय ५० सेंटीमीटरच्या चौकटीची जी पद्धत मांडली, तिच्यात पानांच्या टोकांवरून काढलेला घेर धरतात. सुई सोडण्याच्या पद्धतीत पानाला सुई लागली तरच नोंद होते. दोन पानांमधल्या फटीतून ती खाली गेली तर ती जमीन. त्यामुळे विरळ पानांच्या झाडाला डॉबेनमायरचा आकडा जास्त आणि सुईचा कमी येणारच. मागच्या वर्षी चौकट वापरली आणि यंदा सुया, तर "आच्छादन घटले" असा निष्कर्ष निघतो. सडा मात्र होता तसाच असतो.

दोष कुठे आहे ते शोधायची रीत

अर्धा दिवस काढा आणि दहा चौकटी टाका. पहिल्या फेरीत दोन माणसे एकाच पद्धतीने त्याच दहा चौकटी वाचतील. दुसऱ्या फेरीत एकच माणूस त्याच चौकटी दोन पद्धतींनी वाचेल. तिसऱ्या फेरीत तेच माणूस, तीच पद्धत, पण तासाभराने आणि आधीचे पान झाकून.

पहिल्या फेरीत फरक मोठा आला तर व्याख्या किंवा नजर जुळलेली नाही. दुसऱ्या फेरीत आला तर पद्धतींचा स्वभावच वेगळा आहे, माणसाला दोष देऊ नका. तिसऱ्या फेरीतही आकडे हलले तर वारा, घाई, उजेड किंवा सरावाचा अभाव. मी हे करून घेते तेव्हा आकडे मोठ्याने सांगू देत नाही. पहिल्याने "पन्नास" म्हटले की दुसऱ्याच्या तोंडून पंचेचाळीस किंवा पंचावन्नच निघते, आणि मग जुळलेल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

व्याख्या एकच आहे, तरी नजर जुळत नाही

डोळ्याला मापाची सवय लावावी लागते. एक मीटरच्या चौकटीत १ टक्का म्हणजे १० बाय १० सेंटीमीटर. जुन्या प्लास्टिक फाईलमधून तेवढा तुकडा कापून गळ्यात अडकवा. ए-फोर कागद म्हणजे सहा टक्क्यांहून किंचित जास्त. २० बाय ५० च्या चौकटीत ५ टक्के म्हणजे ५ बाय १० सेंटीमीटर, साधारण मोठ्या काडेपेटीएवढी जागा. आपला तळहात एकदा आलेखाच्या कागदावर ठेवून मोजा. पावसात सगळे भिजले तरी तळहात बरोबर असतो.

चौकट अगदी मोकळी किंवा अगदी भरलेली असेल तर अंदाज सहसा जवळ येतात. मधल्या पट्ट्यात, निम्म्याच्या आसपास, नजर सर्वात जास्त फसते. तिथे चौकटीला दोऱ्याने चार भाग पाडा आणि एकेक चौथाई वाचा. उलट बाजूनेही पाहा: उघडा दगड, माती आणि पाणी मिळून किती? वरून दिसणारी झाडे आणि ही उघडी जागा यांची बेरीज १०० च्या जवळ आली नाही तर पुन्हा बघायला हवे.

फुलांपासून सावध राहा. सीतेची आसवे फुलली की डबक्याकाठचा सगळा पट्टा निळा-जांभळा दिसतो आणि हात आपोआप मोठा आकडा लिहितो. प्रत्यक्षात त्या झाडाचा देठ दोऱ्यासारखा असतो, पाने नजरेत भरतही नाहीत. वरून पाहिल्यास जमीन झाकली जाते ती शेजारच्या गवताने. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यातही हेच होते. मी नवख्यांना सांगते, आधी फूल नसलेली झाडे लिहा, फुलांकडे शेवटी या.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: मुळे चौकटीबाहेर आहेत पण फांदी आत आली आहे, धरायची का? आच्छादन मोजताना धरायची, चौकटीच्या कडेला कापून जेवढी आत आहे तेवढी. झाडांची संख्या मोजताना मात्र मूळ आत असेल तरच. हे दोन नियम एकमेकांत मिसळतात आणि मग काठावरची झाडे काहींच्या वहीत दोनदा येतात, काहींच्या वहीत मुळीच येत नाहीत.

बेरीज १०० च्या वर गेली

जाऊ द्या. वर गवत, त्याखाली नभाळी, तिच्याखाली गेंद, अशा थरांमध्ये प्रत्येक जातीचे आच्छादन वेगळे मोजले की बेरीज १३० सुद्धा होते. ती ओढूनताणून १०० वर आणू नका. सुईचा फक्त पहिला स्पर्श लिहिला की प्रत्येक जातीचा स्पर्श, एवढे नोंदवून ठेवा. फक्त पहिला स्पर्श धरलात तर गवताखालची बुटकी झाडे वहीत येणारच नाहीत, आणि सड्यावरची निम्मी मौज त्या बुटक्या झाडांतच असते.

सुईचा आकडा फारच मोठा येतो

बिंदूंनी आच्छादन मोजायची ही रीत जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये लेव्ही आणि मॅडन यांनी १९३३ मध्ये ती कुरणांसाठी मांडली. तिचे तर्कशास्त्र सुंदर आहे. बिंदूला क्षेत्रफळ नसते, म्हणून तो झाडावर पडला की नाही एवढेच उत्तर येते आणि अंदाजाला जागा उरत नाही. पण आपल्या हातातली सुई म्हणजे बिंदू नव्हे. तिला जाडी असते.

समजा पान २ मिलिमीटर रुंद आहे आणि सुई ३ मिलिमीटर जाड. सुईचा कुठलाही भाग पानाला लागला की तुम्ही नोंद करता. मग पानाची परिणामी रुंदी झाली ५ मिलिमीटर, म्हणजे अडीच पट! रुंद पानाच्या झाडाला हा फरक जाणवत नाही. सड्यावरची बरीचशी गवते मात्र अशीच अरुंद पानांची, त्यामुळे इथे ही चूक मोठी होते. जाड सुईने आच्छादन फुगते हे गुडॉल यांनी १९५२ मध्येच दाखवून दिले होते, तरी आजही तंबूच्या खुंटीएवढ्या जाड सळ्या वापरलेल्या मी पाहते. सायकलचा स्पोक घ्या, टोक कानसीने घासून टोकदार करा आणि फक्त टोकाचा स्पर्श मोजा, बाजूचा नाही. त्याहून चांगले म्हणजे वर-खाली दोन आडव्या-उभ्या दोऱ्यांच्या फुल्या बांधून त्या एका रेषेत आणून पाहणे. खर्च शून्य, आणि जाडीही जवळजवळ शून्य.

दुसरा शत्रू वारा. ऑगस्टमध्ये सड्यावर दुपारनंतर गवत सतत डुलत असते आणि पान सुईपाशी येऊन भिडते. आम्ही सकाळी लवकर काम उरकतो, आणि वाऱ्याच्या बाजूला एक जण छत्री आडवी धरून बसतो. छत्री पावसासाठी आणलेली असतेच.

दुर्मिळ झाडे आकड्यांतून गायब होतात

समोर दवबिंदू नावाचे इवलेसे कीटकभक्षी झाड चमकताना दिसते, पण सुईच्या शंभर बिंदूंमध्ये त्याची एकही नोंद नाही. यात विद्यार्थ्यांना फसवणूक वाटते. हिशेब पाहा. एखाद्या जातीचे आच्छादन खरोखर १ टक्का असेल, तर विखुरलेल्या शंभर बिंदूंपैकी एकही तिच्यावर न पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. तीनशे बिंदू घेतले तर ती ५ टक्क्यांवर येते. दवबिंदूचे आच्छादन १ टक्क्याच्याही खूप खाली असते. म्हणजे बिंदू वाढवत राहण्यात हशील नाही. गवतांसाठी बिंदू वापरा आणि दुर्मिळ झाडांसाठी चौकटीत नजरेने शोधून यादी करा. दोन्ही कामे एकाच पद्धतीकडून करून घ्यायचा हट्ट सोडला की अर्धी डोकेदुखी जाते.

इथेच आणखी एक चूक होते. एकाच टेपवर शंभर बिंदू घेऊन लोक लिहितात, नमुने १००. शेजारशेजारचे बिंदू एकाच डबक्यात पडलेले असतात, ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. खरा नमुना म्हणजे टेप, आणि तो एकच आहे. सड्यावर दहा पावलांत उघडा दगड, मातीचा पातळ थर, डबके आणि भेग असे चार निरनिराळे संसार असतात. शंभर मीटरची एक टेप टाकण्यापेक्षा दहा-दहा मीटरच्या दहा टेपा, प्रत्येक संसारात वाटून, कितीतरी जास्त सांगतात.

वर्गांत मोजले, आता फरकच दिसत नाही

स्विस शास्त्रज्ञ ब्राउन-ब्लँके यांच्या मोजपट्टीत ५ टक्क्यांपर्यंत १, पुढे २५ पर्यंत २, ५० पर्यंत ३, ७५ पर्यंत ४ आणि त्यावर ५. एका दिवसात अनेक सडे फिरून तिथल्या वनस्पतींचे चित्र उभे करायचे असेल तर ही मोजपट्टी उत्तम. दरवर्षीचा बदल पाहायला मात्र ती भरड पडते. गवत २७ वरून ४८ टक्क्यांवर गेले तरी वर्ग ३ च राहतो. आणि २४ वरून २६ झाले, जो फरक नजरेच्या चुकीतही बसतो, तर वर्ग २ चा ३ होतो.

वर्गांच्या आकड्यांची सरासरी तर काढूच नका. एका चौकटीत १ आणि दुसरीत ५ असेल तर सरासरी ३ येते, म्हणजे मध्यबिंदू धरला तर ३७.५ टक्के. पण १ चा मध्यबिंदू २.५ आणि ५ चा ८७.५, त्यांची सरासरी ४५. आधी मध्यबिंदू, मग सरासरी. तुम्ही दरवर्षी परत त्याच जागी येणार असाल तर सरळ टक्के लिहा. वर्ग नंतर कधीही पाडता येतात, वर्गातून टक्के परत मिळत नाहीत.

टेपवर झुडपांचा छेद मोजायची पद्धत, जी कॅनफील्ड यांनी १९४१ मध्ये मांडली, ती सड्याच्या कडेला रानमोडी आणि करवंदाच्या जाळ्यांसाठी ठेवा. तिथे ती झटपट आणि बिनचूक चालते. टेप ताणलेली हवी, आणि झुडपातली किती मोठी फट मोजायची नाही हे आधी ठरलेले हवे. गवतावर ती वापरू नका. एक मीटर वाचायला अर्धा तास जातो.

फोटोतून काढलेले आकडे वेगळे येतात

फोटो वरचा थर पाहतो, एवढे लक्षात ठेवले तर तो चांगला सोबती आहे. कॅनोपिओसारखे ॲप हिरव्या रंगाचे प्रमाण सांगते, जातीचे नाही. सड्यावर जांभ्याला शेवाळे धरलेले असते आणि ॲपला तेही हिरवेच दिसते. डबक्यातल्या पाण्यावर आभाळ चमकते, तिथली झाडे हरवतात. ऑक्टोबरमध्ये गवत पिवळे पडले की उभे असलेले गवतही मोजले जात नाही. ढगाळ दिवस निवडा, मोबाईल चौकटीच्या बरोबर मध्यावर आडवा धरा, आपली सावली पडू देऊ नका. मी फोटो आकड्यासाठी कमी आणि पुराव्यासाठी जास्त काढते. दोन वर्षांनी कोणी विचारले की ही ४० टक्के कशी, तर दाखवायला काहीतरी असते.

पद्धत तीच, माणूस तेच, जागा तीच, तरी यंदाचा आकडा वेगळा

मला सर्वात जास्त छळलेले कोडे हेच. उत्तर सापडले ते दिनदर्शिकेत. आमचे सर्वेक्षण वर्षानुवर्षे "चवथ झाल्यावर", म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, ठरायचे. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान आणायला, गावी जायला सगळ्यांनाच वेळ हवा असतो. सुट्टी संपली की सड्यावर. पण चवथ २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तेवीस दिवसांचा फरक! सड्यावर तेवीस दिवसांत गेंद फुलून उभा राहतो, गवत गुडघ्याला येते, डबकी आटू लागतात. तुलना करायची कशाची?

मात्र नुसती तारीख बांधूनही भागत नाही. मान्सून केरळात २०२३ मध्ये ८ जूनला पोचला, २०२५ मध्ये २४ मे रोजी. त्या आगमनापासून दिवस मोजले तर २०२३ ची चवथ १०३ व्या दिवशी आणि २०२५ ची ९५ व्या दिवशी येते, म्हणजे फरक आठच दिवसांचा उरतो. यात योगायोगाचा भाग मोठा आहे, त्यावर विसंबू नये. आता मी तीन गोष्टी लिहिते: तारीख, आपल्या भागात पाऊस लागून किती दिवस झाले, आणि त्या दिवशी सड्यावर काय फुलले आहे. तिसरी नोंद सर्वात उपयोगी ठरते, कारण झाडे कॅलेंडर पाहत नाहीत. शक्य असेल तर हंगामात तीनदा मोजा, जुलै अखेर, ऑगस्ट अखेर आणि सप्टेंबर अखेर. एकदाच मोजणे शक्य असेल तर दरवर्षी तीच अवस्था पकडा.

कोरड्या दिवसांतल्या पाहणीबद्दल मला फार वाटते, म्हणून इथेच सांगते. जानेवारीत सड्यावर गेलेल्याला करपलेला दगड दिसतो आणि कागदावर "ओसाड" असा शब्द पडतो. ज्या जमिनीवर पावसाळ्याचे चार महिने पाऊल ठेवायला जागा सापडत नाही, तिचे आच्छादन शून्याच्या जवळ लिहिले जाते. पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर आज विमानतळ आहे. आणखी कितीतरी सडे इमारतींखाली गेले. उरलेल्यांबद्दल बोलताना निदान आकडा योग्य ऋतूतला असावा.

जागेचेही तसेच. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या सड्यावरही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. रानात ते चालते. सड्यावर पाच मीटर म्हणजे डबक्यातून थेट उघड्या दगडावर! चौकटीचे दोन समोरासमोरचे कोपरे दगडावर ऑइल पेंटने रंगवा, मे महिन्यात रंग पुन्हा भरा, आणि ओळखीचा एखादा खडक दिसेल असा फोटो काढून ठेवा. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, असो वा कोणा घराण्याची, रंग लावण्यापूर्वी विचारा. गावातले जाणते लोक बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, उलट कुठल्या कोंडीत कधी पाणी साचते ते सांगतात.

आणि पाय सांभाळा. गेंदाच्या गादीवर बसून चौकट वाचली की पुढच्या वर्षीची घट तुम्हीच घडवलेली असते. दगडावर उभे राहा, एकाच बाजूने या, एकाच बाजूने जा. कोणत्या बाजूने, तेही वहीत लिहा.

जुन्या वह्यांचे काय?

माझ्याकडे अशा वह्या आहेत ज्यांत आच्छादन लिहिले आहे पण घेर की पान हे लिहिलेले नाही. त्या फेकून देऊ नका. मोजणारी व्यक्ती भेटण्यासारखी असेल तर तिला सड्यावर घेऊन जा आणि ठोंबाची कड बोटाने दाखवायला सांगा. हात बरीच वर्षे सवय विसरत नाही. ती भेटत नसेल तर एक हंगाम जुनी पद्धत आणि नवी पद्धत त्याच चौकटींवर शेजारीशेजारी वापरा, निदान तीस चौकटी, आणि दोन्हींतला फरक जातीजातीप्रमाणे काढा. गवतासाठी एक गुणोत्तर येईल, तेरड्यासाठी दुसरे; सगळ्यांना एकच गुणोत्तर लावू नका. एवढेही जमले नाही तर टक्के बाजूला ठेवून फक्त जात होती की नव्हती एवढे वापरा. किती चौकटींमध्ये दवबिंदू होता, हा आकडा घेर आणि पान यांच्या भांडणात सापडत नाही. चौकटीचा आकार मात्र तेव्हाही तोच असायला हवा. माझ्या एका वहीत तोच लिहिलेला नव्हता. माळ्यावर ती जुनी चौकट सापडली, टेप लावली, आणि ती मीटरची नव्हे, अर्ध्या मीटरची निघाली.